तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंड सोडले का?

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला शाळेच्या फाटकापाशी, दर्यापूरच्या एसटी स्थानकावर आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवातही विचारला गेला आहे. "मॅडम, लोखंड उचलनं सोडलं काय तुमी? कार्यालयात उड्या मारता म्हनते." विचारणाऱ्यांत विद्यार्थ्यांच्या आया आहेत, सहकारी शिक्षक आहेत आणि तालुक्याच्या व्यायामशाळेत माझ्याकडून बार, म्हणजे वजनाच्या चकत्या लावायचा लोखंडी दांडा, धरायला शिकलेल्या दोन मुलीही आहेत. त्या मुलींच्या प्रश्नात थोडी काळजी असते, म्हणून मुख्यतः त्यांच्यासाठी हे नीट लिहून ठेवते. लोखंड मी सोडलेले नाही. मात्र आठवड्यातून दोन दिवस मी गावातल्या मंगल कार्यालयात, शिट्टीच्या तालावर, पंचवीस-तीस बायकांबरोबर घाम गाळते, आणि तो वेळ वाया जात नाही असे माझे मत अनुभवाने झाले आहे.

मी वजन उचलायला अमरावतीला शिकले, शारीरिक शिक्षणाची पदवी घेत असताना. ज्या शहरात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, तिथे मुलीने बारला हात लावला म्हणून कोणी फारसे वळून पाहत नाही, हे माझे भाग्य. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे वेटलिफ्टिंग प्रथमच आले आणि कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात स्नॅचमध्ये (बार एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर) ११० व क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) १३०, असे एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. मी स्वतः स्पर्धेच्या वाटेने फार पुढे गेले नाही. पण स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन उठाबशी), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून ताठ उभे राहणे) आणि बार डोक्यावर नेणे, हे तीन प्रकार नोकरी, बाळंतपण, बदल्या या सगळ्यांतून टिकवले. आमच्या व्यायामशाळेत स्त्रियांचा १५ किलोचा बारीक बार नाही, पुरुषांचा २० किलोचाच आहे, आणि माझे तळहात आता त्याच जाडीला सरावले आहेत.

बारचा व्यायाम संथ असतो, हे न केलेल्यांना पटकन लक्षात येत नाही. हाताला खडूची भुकटी लावायची, पाय जमिनीत रोवायचे, पोटात श्वास भरून धरायचा, पाच वेळा उचलायचे (हा झाला एक सेट), आणि मग तीन मिनिटे बसून राहायचे. पाहणाऱ्याला ते बसणे आळसाचे वाटते, पण तो व्यायामाचाच भाग असतो. स्नायूंना पहिल्या आठ-दहा सेकंदांच्या जोरासाठी लागणारी शक्ती मुख्यतः त्यांच्यातच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून मिळते, आणि तो साठा बराचसा भरून यायला तीन मिनिटे लागतात. वीस वर्षे मी असा एक जोर, एक विसावा या हिशेबाने जगले आणि त्यालाच ताकद म्हणत आले.

गावात मंगल कार्यालयातला हा क्लास सुरू झाला तेव्हा मी पहिल्याच दिवशी गेले, आणि खरे सांगायचे तर थोड्या मोठेपणाने गेले, कारण तिथल्या कोणाहीपेक्षा मी जास्त वजन उचलत होते. शिकवणारी तरुणी नागपूरला प्रशिक्षण घेऊन आलेली. पद्धत अशी की चाळीस सेकंद व्यायाम, वीस सेकंद थांबणे, आणि लगेच पुढचा प्रकार: उठाबशीतून उडी, माउंटन क्लाइंबर (हात टेकून गुडघे आळीपाळीने छातीकडे ओढणे), जागच्या जागी धावणे, बर्पी. बर्पी म्हणजे उभ्याने खाली बसायचे, हात टेकून पाय मागे फेकायचे, जोर काढायचा, पाय पुढे ओढायचे आणि उडी मारून उठायचे. अकराव्या मिनिटाला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसले आणि मानेवर बोट ठेवून नाडी मोजली: पंधरा सेकंदांत ४४ ठोके, म्हणजे मिनिटाला १७६. तेव्हा माझे वय बेचाळीस होते, आणि २२० मधून वय वजा करण्याच्या ढोबळ हिशेबाने माझी कमाल गती १७८ निघत होती.

आत माझ्या शेजारच्या घरातल्या मावशी शांतपणे बर्पी करत होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, आयुष्यात व्यायामशाळेची पायरी न चढलेल्या, साडीवर मुलाची ट्रॅक पँट आणि जुना शर्ट चढवून आलेल्या. शिट्टी झाल्यावर त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काहून बसल्या बाप्पा मॅडम? एवढं वजन उचलता अन् दहा मिनटात थकल्या?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले होते. मला मात्र त्याचे उत्तर त्यांच्या हातांकडे पाहून मिळाले. बोंडाच्या टोकदार काट्यांनी ओरखडलेली बोटे, नखांच्या कडांना काळ्या चिरा. दिवाळीपासून पुढे तीन-चार महिने या बाई सकाळपासून उन्हे कलेपर्यंत कमरेच्या ओटीत कापूस वेचतात, वाकतात, चालतात, ओटी भरली की गाठोड्यापाशी जाऊन रिकामी करतात आणि परत कपाशीच्या ओळीत शिरतात. तीन मिनिटांचा विसावा त्यांना कोणी कधी दिलेला नाही. त्यांचे हृदय आणि फुप्फुसे अशा कामावर तयार झाली होती, माझी झाली नव्हती.

ही गोष्ट मी पदवीच्या पुस्तकात वाचली होती, अंगाने मात्र त्या पायरीवर कळली. वीस सेकंदांच्या थांब्यात क्रिएटिन फॉस्फेटचा तो साठा पुरता भरत नाही. मग शरीर साखर घाईने जाळते, स्नायूंत आम्लता वाढते, मांड्या भाजल्यासारख्या होतात, आणि ती सगळी उधारी श्वासाने फेडावी लागते. जड बार उचलताना आपण उलट श्वास धरतो, तो धरण्यानेच कणा आवळला जातो. म्हणजे इतकी वर्षे मी श्वास रोखण्यात तरबेज झाले होते, पण तो जोरात चालवण्याचा सराव मला अजिबात नव्हता. दोन्ही गोष्टी शरीराच्याच असल्या तरी एकीच्या सरावाने दुसरी आपोआप येत नाही. ज्यांना वाटते की नुसते वजन उचलून दमही वाढेल, किंवा नुसत्या उड्यांनी हाडे आणि स्नायू भक्कम होतील, त्यांना मी हेच सांगते.

समूहाबद्दल थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण आमच्या भागात त्याचा अर्थ वेगळा आहे. व्यायामशाळेत संध्याकाळी मुलगे असतात, आणि कितीही समजूतदार घर असले तरी सुनेला एकटीला तिथे जाऊ देणे अजून सोपे नाही. पण पहाटे साडेपाचला, कार्यालयाच्या बंद दारामागे, बचत गटातल्या, शाळेतल्या, शेजारपाजारच्या बायका एकत्र येतात, तेव्हा घरातले कोणी काही म्हणत नाही. पहिल्या महिन्यात ज्या पदर सावरत एका कोपऱ्यात उभ्या राहत, त्या आता मोठ्याने आकडे मोजतात. पाच म्हटले की मागून सगळ्यांचा आवाज येतो आणि सहावी बर्पी निघते. एकटीने केली असती तर ती पाचवर थांबली असती. मी वीस वर्षे एकटीने व्यायाम केला आणि मला ते आवडतही होते, तरी हा आवाज मला नव्याने मिळालेली चांगली गोष्ट वाटते.

पण हाच आवाज घातकही ठरतो. दुसऱ्या महिन्यात मी उत्साहाने आठवड्यातून पाच दिवस क्लासला जाऊ लागले. एके दिवशी रेती भरलेल्या, पंचवीस किलोच्या गोण्या जमिनीवरून उचलून परत ठेवायच्या होत्या, वेळ लावून, जितक्या जास्त होतील तितक्या. मी डेडलिफ्टमध्ये ९५ किलो उचलते, गोणीच्या वजनाची मी पर्वाही केली नाही. साधारण तिसाव्या फेरीला मांड्या संपल्या होत्या, पाठ गोल होऊ लागली होती, मला ते जाणवतही होते; पण शेजारची मोजत होती, सगळ्या ओरडत होत्या, आणि मी आणखी एक काढली. कमरेत चमक भरली ती तीन आठवडे गेली नाही. पंचवीस किलोंनी जे झाले, ते ९५ किलोंनी कधी केले नव्हते. बारपाशी वजन जड असते म्हणून आपण सावध असतो, आणि अंगाची ठेवण बिघडली की सेट तिथेच संपतो. घड्याळाविरुद्धच्या व्यायामात वजन हलके असते, थकवा हळूहळू चढतो आणि ठेवण आपल्या नकळत सुटते. शिकवणाऱ्या मुलीशी मी यावर मोकळेपणाने बोलले, तिनेही ऐकले. आता आमच्याकडे वेळ लावून फक्त अंगाच्या वजनाचे प्रकार होतात, गोण्या सावकाश आणि मोजून उचलल्या जातात.

बरी होऊन बारकडे परतले, तेव्हा ९५ किलो जमिनीवरून हलेना. ८५ वर समाधान मानावे लागले. दोष फक्त दुखण्याचा नव्हता. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० मध्ये दाखवून दिले होते की ताकदीचा आणि दमाचा कठोर व्यायाम दोन्ही एकाच वेळी जवळजवळ रोज करणाऱ्यांची ताकद पहिले सहा-सात आठवडे वाढते, मग थबकते, आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात उतरू लागते. नुसती ताकद करणाऱ्यांची मात्र वाढतच राहते. माझी पाच दिवसांची हौस नेमकी त्या वाटेने चालली होती. दोन दिवसांचा क्लास केल्यावर चार महिन्यांत ९५ परत आले, आणि क्लासमध्ये पायरीवर जाऊन बसण्याची वेळही मग आली नाही.

'ताबाता' हा शब्दही अलीकडे गावोगावच्या फलकांवर दिसतो, म्हणून त्याबद्दल एक खुलासा. जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण, तयारीच्या मुलांनी सायकलवर वीस सेकंद जीव तोडून पाय मारले, दहा सेकंद थांबले, आणि असे सात-आठ वेळा केले. सगळे मिळून चार मिनिटे. सहा आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता आणि प्राणवायूविना जोर काढण्याची क्षमता, दोन्ही वाढल्या. जो क्लास पाऊण तास 'ताबाता' चालवतो, तो त्या तीव्रतेचा असूच शकत नाही. तो चांगला व्यायाम असेल, पण चार मिनिटांचा तो प्रयोग नव्हे. नव्याने येणाऱ्या बाईने पहिल्या दिवशी त्या नावाच्या मागे धावू नये. उडी न मारता पाय एकेक करून मागे न्यावा, चाळीसऐवजी वीस सेकंद करावे, आणि बोलता येत नाही इतका दम लागला की थांबावे.

माझा आठवडा आता असा आहे: सोमवारी आणि शुक्रवारी व्यायामशाळा, मंगळवारी आणि शनिवारी क्लास, उरलेल्या दिवशी शेतापर्यंत चालणे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही प्रौढांसाठी असाच दुहेरी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. पाळी जाण्याच्या वयात बायकांच्या हाडांची घनता झपाट्याने उतरते आणि हाडांना वजनाचा भार लागतो, म्हणून चाळिशीच्या मैत्रिणींना मी बार सोडू नका म्हणते, आणि ज्यांनी धरलेलाच नाही त्यांना धरा म्हणते. शेजारच्या मावशी गेल्या उन्हाळ्यापासून शुक्रवारी माझ्याबरोबर येतात. चाळीस किलो उचलतात, पण दोन सेटमध्ये तीन मिनिटे बसणे त्यांना अजून जमत नाही. तेवढ्या वेळात त्या प्लेटा पुसून ठेवतात.

उन्हाळ्याबद्दल सांगितल्याशिवाय हे लिहिणे पुरे होणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, आणि कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. त्या दिवसांत आम्ही पाचलाच सुरू करतो, फेऱ्या निम्म्या ठेवतो आणि माठ दाराशी भरून ठेवतो. व्यायामानंतर चक्कर, मळमळ, किंवा घाम थांबून अंग तापणे यांपैकी काही झाले, तर ते दमणे समजू नये, लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि दवाखाना गाठावा. लघवी चहाच्या रंगाची झाली, तरीही लगेच दवाखाना गाठावा. अति व्यायामाने स्नायू तुटून मूत्रपिंडांवर भार आल्याची ती खूण असते.

या वर्षी कोणाला यायचे असेल तर मंगळवारी पहाटे साडेपाचच्या आत यावे. रक्तदाबाची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, गुडघा दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून आणि मग आम्हाला सांगून यावे. बाकीच्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर मला शाळेत सांगितले तरी चालेल. पायांत बूट हवेत. आणि घरची सतरंजी आणू नये, ती कार्यालयाच्या फरशीवर बर्पीच्या वेळी घसरते. दर्यापूरच्या बाजारात रबरी चटई मिळते, ती आणावी.