गाडी माझी, बिल्टी दुसऱ्याची

अकरा वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग भरायचं, भोसरी-चाकणला उतरायचं आणि परतीचं भाडं मिळेपर्यंत गाडीतच झोपायचं. २०२१ मध्ये हिय्या करून स्वतःची सहा चाकी घेतली. सेकंडहँड, कोल्हापूर पासिंगची, आमच्याकडच्यापेक्षा बरीच स्वस्त. मामा म्हणाले होते, "गाडी स्वस्त हाय रे, कागद स्वस्त नव्हंत." ऐकलं नाही.

एमएच-०९ ची गाडी केए-२२, म्हणजे बेळगावच्या नंबरची, करायची म्हणजे आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. त्याला फायनान्सवाल्याची ना-हरकत पाहिजे, टॅक्स भरलेला पाहिजे. आणि आधीच्या मालकाची ई-चलनं थकलेली! व्यवहार करताना ती बघायची असतात हे मला कोण सांगणार? मीच भरली. मग इकडं येऊन परत टॅक्स, तपासणी, चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा, आणि कानडी अर्ज शेजारच्या पोराकडून भरून घेतला. गाडी अडीच महिने दारात उभी आणि हप्ता सुरू. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर नवीन नंबर घ्यावाच लागतो, म्हणून ही सगळी वणवण. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलपाशी एमएच पाटीच्या ट्रकवर दगड पडले तेव्हा केए पाटीचं बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात पुण्याला निघालो तर तीच पाटी नको वाटली.

नॅशनल परमिटला वर्षाला १६,५०० आणि वर ऑथोरायझेशनचे १,००० भरले, आणि गाडी एका ट्रान्सपोर्टला अटॅच केली. माल त्यांचा, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, त्यांची. डिझेल, टायर, ड्रायव्हर, हप्ता माझा. भाड्यातून कमिशन कापून बाकीचं पंचेचाळीस दिवसांनी. धंदा शोधायला लागत नाही म्हणून खूश होतो. पहिल्या दोन बिलांत टीडीएस, म्हणजे इन्कम टॅक्स आधीच, कापला. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्या आणि पॅन नंबरासकट तसं लेखी दिलं तर तो कापत नाहीत, हे मला तिथल्या मुन्शीनं, म्हणजे कारकुनानं, नव्हे, सीएकडच्या पोरीनं सांगितलं.

खरी गोम परतीच्या भाड्यात होती. बेळगाव-पुणे जाऊन-येऊन सातशे किलोमीटर. माझी गाडी लिटरला साडेचार देते, म्हणजे दीडशे लिटरच्या वर डिझेल. एकेरी भाड्यात डिझेल आणि टोल निघतो, बाकी राम राम. आणि करारात एक ओळ होती, बाहेरचा माल भरायचा नाही. त्यांच्याकडं परतीचा माल नसला की मी रिकामा सातारा, कराड, कोल्हापूर बघत यायचा. सही करताना ती ओळ वाचली होती. अर्थ मात्र खंबाटकीच्या घाटात रिकामी गाडी चढवताना कळला.

एकदा चाकणच्या गोदामात चार दिवस उभा होतो. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, मागितलं तर "पार्टी देत नाही, आम्ही कुठनं देऊ?" महिन्याची लेखी नोटीस देऊन बाहेर पडलो. बासष्ट हजार अडकले होते. प्रत्येक खेपेची सही-शिक्क्याची पोच मी फोटो काढून ठेवली होती, म्हणून तीन महिन्यांनी का होईना, मिळाले.

स्वतंत्र झालो म्हणजे बिल्टी माझ्या नावावर आली असं नाही. बिल्टी फाडली की आपण ट्रान्सपोर्ट कंपनीत मोडतो, जीएसटीचा व्याप मागं लागतो. एका गाडीवाल्यानं त्यात कशाला पडावं? मी ट्रान्सपोर्टवाल्यांनाच गाडी भाड्यानं देतो, त्यावर जीएसटी नाही. फरक एवढाच, आज ह्यांची बिल्टी, उद्या त्यांची, आणि दर पटला नाही तर नाही म्हणता येतं. ऐंशी टक्के ॲडव्हान्स हातात पडल्याशिवाय ताडपत्रीची दोरी बांधत नाही. इन्कम टॅक्सला बारा टनांच्या वरच्या गाडीला टनामागं महिना हजार रुपये उत्पन्न धरतात, वह्या ठेवायची कटकट नाही. पण गाडी उभी राहिली तरी ते धरतात, हेही लक्षात असू द्या.

पहिल्या पावसाळ्यात दोनदा हप्ता चुकला. तेव्हा अटॅचवाल्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. त्यानंतर एका हप्त्याइतके पैसे बायकोच्या खात्यात वेगळे ठेवतो. मागितले तरी ती देत नाही, हे उत्तम.

परवा उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर जुना मुन्शी भेटला. "परत ये की रे, माल लई हाय." म्हटलं, "जाताना तुमचा माल, येताना माझा. तसं लिहून देता?" शेठला विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन नाही.