एसएपी म्हणतं पत्रा आहे, रॅक म्हणतो नाही

चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी प्लॅनिंग बघतो. एसएपी, म्हणजे स्टॉक, ऑर्डर, खरेदी सगळ्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर, आमच्याकडे जीएसटीच्या आधीपासून आहे. मालकांचं उद्दिष्ट साधं होतं: स्टॉक निम्मा आणि डिलिव्हरी वेळेवर. झालं उलटंच. नको त्या पार्टने गोडाऊन भरलेलं आणि हव्या त्या ब्रॅकेटसाठी ग्राहकाचा फोन.

सकाळी आल्या आल्या मी एसएपीमधली सीओजीआयची स्क्रीन उघडायचो. प्रॉडक्शन कन्फर्म करताना जो माल सिस्टिमला आपोआप वजा करता आला नाही, तो तिथे अडकून पडतो. आमच्याकडे अडकायची ती कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी. रात्री ट्रक यायचा, गेटवर रजिस्टरमध्ये नोंद व्हायची, कॉइल थेट प्रेसवर चढायची. जीआरएन, म्हणजे माल आल्याची सिस्टिममधली नोंद, मात्र सकाळी, स्टोअर उघडल्यावर. नंतर सीओजीआयमधल्या ओळी कोणी मोकळ्या करत नसे. त्यामुळे संपलेला पत्रा सिस्टिममध्ये शिल्लक दिसायचा आणि एमआरपी, म्हणजे काय, किती, कधी लागेल ते काढणारा एसएपीचा भाग, नवीन मागणीच काढत नसे. यावर उपाय सोपा निघाला: रात्रपाळीला स्टोअरचा एक माणूस. जीआरएन झाल्याशिवाय कॉइल हलवायची नाही.

खरं घोडं अडलं होतं ते इन्सेंटिव्हपाशी. एमआरपी तीनशे नगांची ऑर्डर काढायचं, प्रेसवर दोन हजार दाबले जायचे. सुपरवायझरला बोल लावण्यात अर्थ नव्हता. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलायला दोन तास, आणि पाळीचा इन्सेंटिव्ह स्ट्रोकच्या, म्हणजे प्रेसच्या दाबांच्या आकड्यावर. कुठला शहाणा माणूस डाय बदलेल? मीटिंगमध्ये ‘स्ट्रॅटेजी’वर स्लाइड फिरत होत्या, पण स्ट्रोकच्या तक्त्याला कोणी हात लावेना. एचआर आणि युनियनशी बोलणी महिनोन् महिने चालली. शेवटी इन्सेंटिव्ह ठरलेलं शेड्यूल पाळण्यावर आला. पुढची डाय आणि तिचे क्लॅम्प आधीच प्रेसशेजारी आणून ठेवायची शिस्तही लागली. एवढ्यानेच डाय बदलायचा वेळ निम्म्यावर आला. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी आम्ही काय बदललं? लॉट साइझ, म्हणजे एका ऑर्डरमधले नग. बस्स.

आता एसएपीच्या नव्या आवृत्तीवर, एस फोर हानावर, जायची घाई सुरू आहे, कारण आमच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय. कन्सल्टंट पहिल्याच दिवशी डॅशबोर्ड दाखवायला लागले. मी त्यांच्यासमोर बीओएमची, म्हणजे कुठल्या पार्टला कुठला माल किती लागतो त्याची, यादी ठेवलीय. अर्ध्या पार्टला स्क्रॅपची, म्हणजे वाया जाणाऱ्या मालाची, टक्केवारी अजून शून्य आहे.