चार अंश

मे महिन्यातला मंगळवार, दुपारचे पावणेदोन. बाहेर त्रेचाळीसचं ऊन. डबा उघडला तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "पुण्याला निघालो होतो. सावळेश्वर टोलनाक्यापाशी थांबलोय. बॉनेटमधून वाफ येतेय. तुम्ही बसवलेलं ते मेटलचं फुटलं बहुतेक."

'तुम्ही बसवलेलं' हे दोन शब्द अजून डोक्यातून जात नाहीत. म्हणून लिहायला बसलोय.

गाडी २००४ सालची आहे, जर्मन, दोन दारांची, छप्पर उघडणारी, सहा सिलिंडर एका रांगेत. सोलापुरात होटगी रोडवरच्या माझ्या गॅरेजात अशा जुन्या स्पोर्ट्स कार वर्षाला पाच-सहा येतात. बाकी वर्षभर स्विफ्ट आणि बोलेरोच असतात. पण या पाच-सहांसाठी मी रात्री जागतो, हे घरचे सांगतील.

या वयाच्या गाड्यांचं दुखणं बहुतेक एकच असतं. पाण्याच्या वाटेवरचे तुकडे, म्हणजे थर्मोस्टॅटचं (पाणी ठरावीक तापमानाला रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग, जादा पाण्याची एक्स्पान्शन टँक, रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या, हे सगळं काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं. बहुधा नायलॉन ६६ मध्ये ३० टक्के काच. हलकं असतं, गंजत नाही, वेडावाकडा आकार एका साच्यात निघतो. कंपन्यांनी उगाच वापरलेलं नाही. पण गरम पाणी आणि ग्लायकॉल वर्षानुवर्षं त्या नायलॉनला आतून खात राहतात. त्यात या इंजिनाचा थर्मोस्टॅटच ९७ अंशांना उघडतो आणि टँकच्या झाकणावर २ बारचा दाब. दहा-पंधरा वर्षांनी काळा रंग तपकिरी पडतो, बोटाने वाजवलं तर घट्ट आवाजाऐवजी पोकळ टिचकी येते, आणि मग एक दिवस तुकडा कडक भाकरीसारखा कट्कन मोडतो. हे कंपन्यांनाही कळलेलं आहे. पोर्शेने कायेनच्या व्ही-एट इंजिनातले इनटेकखालचे प्लास्टिकचे पाइप पुढे अ‍ॅल्युमिनियमचे काढले.

फेब्रुवारीत डॉक्टरांच्या गाडीचं थर्मोस्टॅट हाउसिंग गेलं. होज काढताना त्याची मान, म्हणजे होज बसतो ती नळी, माझ्या हातातच आली. डॉक्टर म्हणाले, "आता प्लास्टिक नको. मेटलचं करा, कायमचं." मी म्हटलं, करायचं तर रेडिएटर आणि टँकही बदलू, दोन्ही मूळचे आहेत. माल यायला तीन आठवडे लागणार होते. त्यांना शनिवारी महाबळेश्वरला जायचं होतं. "तूर्त एवढंच करा, बाकीचं बघू." मी मान डोलावली.

ऑनलाइन तयार किट मिळतात, लाल-निळं अ‍ॅनोडाइज केलेली. त्यातली दोन मी मोजून पाहिली आहेत. चकाकी डोळ्यात भरणारी, पण गळती थांबवणाऱ्या रबरी ओ-रिंगची खाच दोन्हींत उथळ होती. असली किट विकणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने बसवून दाखवावीत. त्यामुळे ते हाउसिंग मी स्वतः करायचं ठरवलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अण्णांचं वर्कशॉप आहे. ते पूर्वी पॉवरलूमचे पार्ट काढायचे, माझे वडील त्यांच्याच शेजारच्या लेथवर उभे असायचे. ६०८२ अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणला. खाच २.८ मिलिमीटर खोल, त्यात ३.५ ची रिंग, म्हणजे वीस टक्के दाबली जाते. रिंग ईपीडीएम रबराचीच घेतली. तिला साधं ग्रीस लावलं की फुगते, म्हणून सिलिकॉन ग्रीस. बसायची बाजू अण्णांनी अशी साफ केली की सरळपट्टी ठेवल्यावर खालून उजेड दिसत नव्हता. मानेच्या टोकाला होजची क्लिप बसते ती खाच काढायला तर पूर्ण दुपार गेली. बसवल्यावर पंप लावून दोन बारला अर्धा तास ठेवलं. काटा हलला नाही. मी त्याचे फोटो काढून ठेवलेत.

अण्णा एकच गोष्ट म्हणाले होते, "नवा नग आणून दे की रे. मोडक्यावरून माप घेऊ नये." मोडलेली मान मी चिकटवून नेली होती. नव्या नगाला चार दिवस लागले असते. म्हटलं, चालतंय अण्णा, घ्या माप.

आता त्या मंगळवारचं. मी पोचलो तेव्हा डॉक्टर टपरीच्या सावलीत उभे होते आणि क्रेनवाला साखळी घेऊन गाडीपुढे वाकला होता. या गाडीच्या पुढच्या बंपरखालून धड मूठ जात नाही. ती पुढून उचलली की खालचं सगळं तुटतं. त्याला थांबवलं, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेणारा ट्रक मागवला, तो सव्वादोन तासांनी आला. तेवढ्यात कडेला थांबलेले चौघे जण गरम इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतायचा सल्ला देऊन गेले. एकाने झाकणाला हातही घातला. मी ओरडलोच त्याच्यावर. दाबाखालचं ते पाणी १२०-१२५ अंशांचं असू शकतं, झाकण उघडलं की चेहऱ्यावरच येणार.

बॉनेट उघडून आधी माझं हाउसिंग पाहिलं. कोरडं. एक थेंब नाही. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मग टॉर्च खाली नेली. त्याच होजचं दुसरं टोक रेडिएटरच्या प्लास्टिकच्या मानेवर बसतं. ती मान मुळापासून तुटून होजसकट लोंबत होती.

"काटा तर मधेच होता हो," डॉक्टर म्हणाले. खरं आहे. या गाड्यांचा तापमानाचा काटा मुद्दाम असा केलेला आहे की साधारण ७५ पासून ११० च्या पुढेपर्यंत तो जागचा हलत नाही, चालकाने घाबरू नये म्हणून. पाणीच निघून गेलं की सेन्सर वाफेत लटकतो, मग तो काय सांगणार! कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी झाल्याचा दिवा लागला होता. डॉक्टरांनी तो नाक्यापर्यंत जाऊ म्हणून सोडून दिला. तीन किलोमीटर. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, वाकायला तेवढे पुरतात. एखाद्या पेशंटने दुखणं असं अंगावर काढलं असतं तर ते स्वतः किती बोलले असते, हे तिथे मनात आलं, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसलो.

हेड काढलं. सरळपट्टीखाली ०.१५ मिलिमीटरची फिलर पट्टी जात होती, म्हणजे वाकलं होतं. त्याहून वाईट म्हणजे मागच्या तीन बोल्टांबरोबर ब्लॉकचे आटेच बाहेर आले, बोल्टाच्या दातांत गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत स्प्रिंग. तिथे आता स्टीलच्या बुशी बसवल्यात, तीनच नाही, सगळ्या चौदा.

तुटलेली मान मी भिंगाखाली धरली. तुटीचा दोन तृतीयांश भाग तपकिरी आणि कूलंटच्या निळ्या डागांचा, म्हणजे जुनी चीर. उरलेला ताजा, करडा. जुनी म्हणजे किती जुनी? फेब्रुवारीच्या आधीची की नंतरची? डाग काही तारीख सांगत नाही.

त्या रात्री नवं मूळ हाउसिंग मागवलं. जे फेब्रुवारीत मागवायला हवं होतं. ते आल्यावर माझं आणि ते अण्णांच्या सरफेस प्लेटवर शेजारी ठेवून कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला. मानेचा कोन चार अंशांनी वेगळा. मूळ तुकडा उष्णतेने वाकला असेल, मी चिकटवताना वाकडा बसला असेल, काहीही असो, मी तो वाकडेपणा धातूत पक्का करून ठेवला. चार अंश म्हणजे होजच्या दुसऱ्या टोकाला थोडी ओढ. इंजिन माउंटवर हलतं, तसतशी ती ओढ रोज त्या वीस वर्षांच्या मानेवर. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी प्रोट्रॅक्टर पुसून पेटीत ठेवला.

डॉक्टरांना मी दोन्ही हाउसिंग टेबलावर ठेवून दाखवली. चीर आधीची असू शकते हे सांगितलं आणि चार अंश माझे आहेत हेही सांगितलं. ते बराच वेळ दोन्ही हातात घेऊन बघत बसले. मग म्हणाले, "दिवा मीही पाहिला होता." सामानाचे पैसे त्यांनी दिले. मजुरी मी घेतलेली नाही.

दुसरं हाउसिंग अण्णांनी परवा काढलं, नव्या नगावरून. रेडिएटर नवा, टँक नवा, दोन्ही होज नवे. पाण्याच्या तापमानाचा वेगळा मीटर डॅशबोर्डखाली लावलाय, त्याचा काटा खरोखर हलतो. डॉक्टरांना गाडी शनिवारी हवी आहे. मोहोळपर्यंत भर दुपारी दोनदा जाऊन येईन, इंजिन पूर्ण गार झालं की होजचं प्रत्येक टोक हाताने चाचपेन. त्यांना सोमवार सांगितलाय.