मास्तरांचा रकाना

मंगळवार, रात्र

मास्तर गेले. पूर्व भागात त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मित्राचा सकाळीच फोन आला. छातीचा त्रास जुना होता, गिरणीत असल्यापासूनचा. कापसाची धूळ तरुणपणी छातीत जाते आणि म्हातारपणी वसुली करते, हे सोलापुरात कुणाला नव्याने सांगायला नको. मातीला जाऊन आलो. हॉलवरची जुनी मंडळी बरीच होती, बहुतेकांचे केस पांढरे झालेले. त्यांच्यातला एक जण परतताना म्हणाला, "गावातला सगळ्यात मोठा प्लेयर गेला, आणि उद्या पेपरात एक ओळ येणार नाही." तेव्हापासून मनात तेच घोळतंय, म्हणून झोपायच्या आधी लिहायला बसलो.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते. ते बिलियर्डच्या हॉलवर मार्कर होते. मार्कर म्हणजे बॉल लावणारा, पॉकेटातून म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकातून काढून परत स्पॉटवर, त्याच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवणारा, टेबल झाडणारा, तास मोजणारा आणि फळ्यावर दोघांचे पॉइंट लिहिणारा माणूस. लहानपणी ते एका क्लबात साहेब लोकांचे बॉल उचलायला जात, तिथेच खेळ डोळ्यांनी शिकले. मग गिरणीत विणकाम खात्यात लागले, जॉबर म्हणजे मुकादम झाले. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या वयाचे बरेच जण यंत्रमागावर गेले, कुणी रिक्षा घेतली. मास्तर परत टेबलाकडे आले.

हॉल नव्या पेठेच्या मागच्या अंगाला होता, पूर्वीच्या सुताच्या गोदामात. गोदामच हवं होतं, कारण बारा बाय सहा फुटांचं टेबल म्हणजे हिरव्या कापडाखाली पाच जाडजूड पाट्या, दगडाच्या, आणि सगळं मिळून वजन टनाच्या वर. अशी दोन टेबलं होती. वर पत्रा. मे महिन्यात दुपारी आत शिरलं की भट्टी, पण मास्तर म्हणायचे की खेळायला हाच महिना चांगला. हवा कोरडी, कापड कोरडं, बॉल लांब पळतो. पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि तोच फटका वीतभर आधी थांबतो. ऋतू बदलला की ते आम्हाला पहिली पंधरा मिनिटं नुसता व्हाइट, म्हणजे ज्याला काठीने मारायचं तो पांढरा बॉल, मारून अंदाज घ्यायला लावायचे, बाकीच्या बॉलना हात लावू द्यायचे नाहीत.

कापडावर तर त्यांची भक्तीच होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी संगमेश्वर कॉलेजात होतो. क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात द्यायच्या आधी त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि माझा तळवा कापडावरून काळ्या बॉलच्या स्पॉटकडे फिरवला, मग उलटा फिरवला. जाताना मऊ, येताना किंचित खरखरीत. "लोकर आहे बे ही. हिला लव असते, लवेला दिशा असते. हळू मारलेला बॉल लवेचं ऐकतो, तुझं नाही." आयुष्य विणकामात गेलेला माणूस बोलत होता. रोज रात्री ते ब्रश त्याच एका दिशेने चालवायचे, वर इस्त्री फिरवायचे, आणि कुणी कोपर टेकवून कापडावर चहाचा कप आणला की त्यांचा आवाज पहिल्यांदा आणि शेवटचा चढायचा.

गिरणीने छाती घेतली, पण कान दिले होते. मागांच्या खडखडाटात कुठल्या मागावर धागा तुटला ते त्यांना न बघता कळायचं, असं त्यांच्याबरोबरचे कामगार सांगत. हॉलमध्ये ते आम्ही स्वतः बघितलं. पाठमोरे उभे राहून फळ्यावर लिहीत असायचे, आणि मागे टेबलावर कुणाचा फटका जरा खाली बसला की न वळता म्हणायचे, "खडू लाव." टिप म्हणजे क्यूच्या टोकावरची चामड्याची टिकली, खडू लावतात तो तिलाच. टिपेचा आवाज त्यांना सगळं सांगायचा. टिप कडक झाली, सैल झाली, कडेने फुगली, सगळं.

टिप बसवताना बघणं हा माझ्यासाठी वेगळाच आनंद होता. जुनी चामड्याची टिप ब्लेडने खरवडून काढायचे. क्यूचं टोक काचेवर धरून सपाट आहे का बघायचे. नव्या टिपेची मागची बाजू घासून घ्यायचे, गोंदाचा एकच थेंब, आणि मग वरून सूत. गिरणीतून आणलेलं कॉटनचं सूत होतं त्यांच्याकडे, ते टोकावरून खाली पिळत उभं-आडवं असं बांधायचे की टिप केसभर हलणार नाही. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी कडा ब्लेडने उतरवायच्या, थुंकीचं बोट फिरवून कागदाने घासायच्या, चकाकी येईपर्यंत. वरचा घुमट पॉलिश पेपरने, जुन्या नाण्याच्या गोलाईइतका. कुठल्याही पोराचा क्यू असो, त्यांनी कधी घाई केली नाही आणि टिपेच्या किमतीवर पैसा घेतला नाही.

घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, पॉइंट मात्र इंग्रजीत पुकारायचे. "फोर्टी-वन, रिमेनिंग थर्टी-फाय." म्हणजे एक्केचाळीस झाले, टेबलावर पस्तीस उरले. आवाज खणखणीत, चेहरा कोरा. सबंध वर्षात एक दिवस हक्काची सुट्टी, नारळी पौर्णिमेला, मार्कंडेय महामुनींच्या रथासाठी.

त्यांचं दैवत विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेला माणूस, 1958 साली कलकत्त्यात हौशी खेळाडूंचा जागतिक बिलियर्ड्स विजेता झाला. एकट्याने खेळायच्या कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतात. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा जिंकला. मास्तर हे आम्हाला पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. क्रिकेटचं वेड असलेल्या कुणी तोंड वाकडं केलं तर शांतपणे विचारायचे, "त्या वर्षी आपण अजून कशात जगात पहिले होतो, सांग." उत्तर नसायचं. 2003 च्या ऑक्टोबरात जोन्स गेले. त्या संध्याकाळी मास्तरांनी स्नूकर बंद ठेवला आणि एका टेबलावर फक्त तीन बॉल ठेवले, दोन पांढरे आणि एक लाल, अस्सल बिलियर्ड्सचे. ज्याला खेळायचंय त्याने आज हेच खेळायचं. आमच्यातल्या अर्ध्यांना कॅननचे, म्हणजे एका फटक्यात बाकीच्या दोन्ही बॉलना लागल्याचे, दोन, लाल पॉट केला म्हणजे पॉकेटात घातला तर तीन, एवढाही हिशेब येत नव्हता. त्या रात्री आला. त्याच वर्षी पंकज अडवाणीने अठराव्या वर्षी जागतिक स्नूकरचं विजेतेपद आणलं, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला होता.

स्नूकर इंग्रजांचा म्हटलेलं त्यांना चालत नसे. 1875 मध्ये जबलपूरला लष्करी अधिकाऱ्यांनी पिरॅमिड आणि ब्लॅक पूल हे दोन जुने खेळ एकत्र करून वर रंगीत बॉल वाढवले, तिथून स्नूकर निघाला. "खेळणारे गोरे होते, पण बॉल लावणारे कोण होते?" एवढंच म्हणायचे आणि पुढच्या फ्रेमचे लाल बॉल त्रिकोणात भरायला लागायचे. हा प्रश्न इतिहासाच्या कुठल्या पुस्तकाने मला विचारला नव्हता.

मग पूल आला. टेबल लहान, पॉकेटं मोठी, बॉल आकड्यांचे आणि जाड, सत्तावन्न मिलिमीटरचे, स्नूकरचा साडेबावन्न. कापडाला लव नाही. मालकाने एक मोठं टेबल काढून त्या जागी दोन पूल टेबलं बसवली, आणि जुन्या मेंबरांनी नाकं मुरडली. मला वाटलं मास्तरही मुरडतील. त्यांनी मुरडलं नाही. आठवडाभर रोज रात्री हॉल बंद झाल्यावर ते एकटे त्या टेबलावर खेळत राहिले, कुशनवरच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरच्या, खुणा, ज्याला डायमंड म्हणतात, त्या मोजत. कुठल्या डायमंडवर मारला की कुठे निघतो ते वहीत लिहीत. पन्नाशी ओलांडलेला माणूस नवा खेळ मुळापासून शिकत होता. आणि खरं सांगतो, पूलमध्येच त्यांचा हात सगळ्यात जास्त खुलला.

एक रॅक, म्हणजे पूलचा एक डाव, मी विसरणं शक्य नाही. पुण्याहून इंजिनिअरिंगला आलेला एक पोरगा होता, स्वतःचा दोन तुकड्यांचा क्यू, कातडी केस, हात खरोखर चांगला. त्याने हॉलमधल्या सगळ्यांना हरवलं आणि मग मास्तरांना विचारलं. मार्करला कुणी विचारल्याशिवाय त्याने खेळायचं नसतं, हा जुना रिवाज ते पाळायचे. आता विचारलं होतं. नाइन-बॉल. नऊ बॉल चौकटीच्या आकारात, पुढे एक, मधोमध नऊ, आणि टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला आधी लागलंच पाहिजे.

मास्तरांनी भिंतीवरचा हॉलचाच क्यू घेतला. ब्रेकला, म्हणजे डाव फोडायच्या पहिल्या फटक्याला, चार आणि सात गेले. एक नंबर कोपऱ्यात, सरळ, हळू. दोन नंबर मधल्या पॉकेटात बारीक कटने, आणि इथे सगळे गप्प झाले, कारण तीन नंबर लांबच्या कोपऱ्यात पॉकेटाच्या तोंडाशी होता, आणि त्याच्या आणि व्हाइटच्या मधे आठ नंबर उभा. पोरगा खुर्चीवरून उठून खडू लावायला लागला, आता आपली पाळी म्हणून. मास्तर टेबलाला फेरी मारून आले. समोरच्या कुशनवरच्या खुणांकडे एकदा बघितलं, बोट टेकवलं नाही, ओठांनी काहीतरी मोजलं. वाकले. व्हाइट उलट्या बाजूच्या कुशनला गेला, उजव्या साइडने, म्हणजे उजवीकडे मारून दिलेल्या फिरकीने, वळून निघाला, आठ नंबरच्या पाठीमागून गेला आणि तीन नंबरला इतक्या हलक्या हाताने लागला की बॉल पॉकेटात पडायला क्षणभर लागला. व्हाइट दोन वीत पुढे जाऊन थांबला. बरोब्बर पाच नंबरच्या रेषेत.

टाळ्या त्या तीन नंबरला पडल्या. मला मात्र तो थांबलेला व्हाइट दिसत राहिला. आम्हाला ते रोज हेच ओरडून सांगायचे: "काय बघलालास बे पॉकेटाकडं? व्हाइट कुठं थांबणार ते सांग आधी. मग मार." पाच, सहा, आठ, नऊ. त्या चार फटक्यांत काही अवघड नव्हतंच, ते अवघड राहूच दिलं नव्हतं.

सात रॅकचा सामना होता, चार जिंकले की झालं. मास्तर जिंकले. पोरगा वाकून पाया पडला आणि फळ्याचा फोटो काढायला गेला. फळ्यावर त्याच्या नावाखाली त्याने जिंकलेले रॅक व्यवस्थित लिहिले होते. शेजारी वर नुसतं 'मा', आणि खाली रकाना कोरा. मास्तरांनी स्वतःचे लिहिलेच नव्हते. दुसऱ्यांचे आकडे लिहिण्याची इतकी सवय की स्वतःची रॅक जिंकून आले तरी खडू फक्त समोरच्याच्या रकान्यात चालायचा. सगळ्या हॉलचे हायेस्ट ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग काढलेले सगळ्यात जास्त पॉइंट, भिंतीवर रंगाने लिहिलेले, त्यात गावातले डॉक्टर होते, सूत व्यापाऱ्यांची पोरं होती, मास्तर नव्हते. मी त्यांना ऐंशीच्या वर जाताना बघितलंय. तो आकडा आज कुठेच नाही, निदान इथे तरी राहू दे.

बिलियर्डचा हॉल म्हटलं की आईबाप घाबरायचे, माझेही. जुगार, सिगरेटी, वाया गेलेली पोरं. मास्तरांच्या हॉलमध्ये पैसे लावता येत नव्हते. हरणाऱ्याने टेबलाचं भाडं द्यायचं, बस. कुणी कोपऱ्यात नोटा मोजताना दिसलं की ते टेबलावरचा दिवा घालवायचे. मालकाला यात तोटा होता, तरी मालकाने त्यांना कधी रोखलं नाही. परीक्षेच्या आठवड्यात ओळखीचं पोरगं दिसलं तर क्यू काढून घेऊन घरी पाठवायचे. अशा माणसाबद्दल गावात कुणी 'अड्डेवाला' म्हणावं, याचा मला आजही राग येतो.

हॉल बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. तिथे कपड्यांचं दुकान आहे. मोबाइलवर पूल खेळणारी पोरं खूप दिसतात, आणि ती नेम धरायला एक रेष दाखवतात त्यात, तेवढी मास्तरांनी बघितली नसावी तर बरं. मातीहून आल्यावर मास्तरांच्या घरच्या काकू दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, शेवटपर्यंत रोज सकाळी रिकामी बाटली पाटावर आडवी ठेवायचे आणि तिच्या तोंडातून क्यू आत-बाहेर करायचे, काचेला न लागू देता. दम लागायचा, तरी करायचे. टेबल घरी कधीच नव्हतं. बाटली होती.

त्यांनी शिकवलेला पहिला धडा पोरांसाठी लिहून ठेवतो, कारण तो हॉलमध्ये तोंडीच चालायचा. स्नूकरच्या टेबलावर व्हाइट ब्राऊनच्या स्पॉटवर ठेवा. टेबलावर दुसरा बॉल नको. ब्लू, पिंक, ब्लॅक या तिन्ही स्पॉटवरून जाईल असा सरळ वरच्या कुशनवर मारा, मध्यम जोराने. क्यू मारलेल्या जागीच धरून राहा, उठू नका. व्हाइट परत येऊन टिपेला लागला पाहिजे. डावीकडे आला तर तुम्ही डावा साइड दिलात, उजवीकडे आला तर उजवा, नकळत. लागोपाठ दहा वेळा टिपेला लागेपर्यंत दुसरा फटका शिकायचा नाही. पूलच्या टेबलावर करायचं असेल तर समोरच्या आखूड कुशनवरचा मधला डायमंड धरा.