परवानगीची चार पानं आणि सोमवारची सकाळ

जर्मनीतल्या एका सायबर सिक्युरिटी कंपनीत, जिथे ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या संगणकजाळ्यात शिरून कच्चे दुवे शोधले जातात, पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळायच्या आधी माझ्या हातात चार पानं पडली. ग्राहकाच्या सहीचं परवानगीपत्र होतं ते. कोणते आयपी पत्ते, म्हणजे जाळ्यातल्या यंत्रांचे क्रमांक, तपासायचे, कोणत्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत, कशाला अजिबात हात लावायचा नाही आणि काही बिघडलंच तर कुणाला फोन लावायचा. माझ्यावर देखरेख करणारी ज्येष्ठ सहकारी, जिला इथे बेट्रॉयरिन म्हणतात, ती म्हणाली, "शांतपणे वाच. या ओळींच्या आत आपण जे करतो ते काम. बाहेर तेच केलं की गुन्हा."

ती मला घाबरवत नव्हती. जर्मन दंडसंहितेच्या कलम २०२ ए नुसार दुसऱ्याच्या संरक्षित डेटापर्यंत विनापरवाना पोहोचणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २००७ साली आलेल्या २०२ सी ने अशा गुन्ह्याच्या तयारीसाठी साधनं बनवणं किंवा मिळवणंही शिक्षेस पात्र ठरवलं. इथले लोक त्याला 'हॅकर-पॅराग्राफ' म्हणतात. विद्यापीठाच्या लॅबमध्ये जी साधनं आम्ही बिनधास्त चालवायचो, तीच ही. बाहेरच्या जगात मात्र त्या चार पानांशिवाय ती उघडायचीसुद्धा नाहीत, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट कळलं.

जर्मनीत सायबर सिक्युरिटीत मास्टर्स करायला निघालेल्या मुलामुलींचे निरोप मला नेहमी येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच: इंटर्नशिपसाठी कोणतं सर्टिफिकेट करू? त्यांना मी उलट विचारते, तुला लिहिता येतं का? प्रश्न विचित्र वाटतो, पण माझ्या मुलाखतीत मला हेच करायला लावलं होतं. एका सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे त्यावरच्या घडामोडींची नोंद, दिली, एक तास दिला आणि सांगितलं, काय घडलं ते अर्ध्या पानात लिही. पान भरलं तरी चालेल असं कुणी म्हटलं नाही. अर्धंच पान.

मी राहते बोखुमला, रुरच्या खोऱ्यात. हे एके काळचं कोळशाचं शहर. इथली शेवटची खाण १९७३ मध्ये बंद झाली. खाणींचे दिवस सरत आले तेव्हा, १९६२ मध्ये, ओपेलचा मोटार कारखाना आला, आणि तोही २०१४ च्या डिसेंबरात बंद पडला. विद्यापीठाची स्थापनाही १९६२ चीच. पुढे तिथल्या क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे माहिती सांकेतिक करून लपवण्याच्या शास्त्राच्या, लोकांनी नाव काढलं. २००८ मध्ये त्यांनी गाड्यांच्या आणि गॅरेजच्या रिमोटमध्ये वापरली जाणारी कीलॉक पद्धत फोडून दाखवली. तीही चिप किती वीज खाते हे मोजून! २०२३ च्या डिसेंबरात दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या एसएसएच पद्धतीवरचा टेरापिन हल्ला जगापुढे आला, तो शोधणारेही इथलेच. २०१९ पासून सिक्युरिटी आणि प्रायव्हसीची माक्स प्लांक संस्था याच शहरात आहे. ज्याला संशोधन करायचंय त्याने कंपन्यांच्या मागे लागण्याआधी प्राध्यापकांच्या हाताखालच्या 'हिवी' जागा पाहाव्यात. विद्यापीठातली अर्धवेळ नोकरीच ती, आणि बऱ्याच जागांना जर्मन भाषा लागत नाही.

आता नियमांकडे येते, कारण इथे चुकलं तर नुकसान मोठं होतं आणि भरून निघत नाही.

जर्मनीत इंटर्नशिप दोन जातींची असते. अभ्यासक्रमातच सक्तीची असेल तर ती फ्लिश्टप्राक्टिकुम, आणि आपण हौसेने केली तर ऐच्छिक. सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. ऐच्छिक इंटर्नशिप शिक्षण चालू असताना केली आणि ती तीन महिन्यांपर्यंतच असली, तर तिलाही लागू होत नाही. तीन महिन्यांहून लांबली की मात्र पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. १ जानेवारी २०२६ पासून ते ताशी १३.९० युरो आहे. म्हणून बऱ्याच जाहिरातींत 'तीन महिने' हा आकडा दिसतो. 'फक्त सक्तीच्या इंटर्नशिपसाठी' असंही लिहिलेलं असतं. ते वाचून अर्ज करा, नाहीतर आठवडे फुकट जातात.

दुसरा हिशोब दिवसांचा. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ च्या आधी हे आकडे १२० आणि २४० होते, आणि जुने लेख वाचून आलेली मुलं अजून तेच धरून बसतात. सक्तीची इंटर्नशिप या दिवसांत मोजली जात नाही, ऐच्छिक मोजली जाते. माझ्याबरोबरच्या एका मुलाने उन्हाळ्यात तीन महिने ऐच्छिक इंटर्नशिप केली, त्याआधी एका गोदामात काम केलं होतं, आणि नोव्हेंबरात त्याच्या लक्षात आलं की दिवस संपत आलेत. डिसेंबरचा खर्च त्याने ज्या चिंतेत काढला ती मी जवळून पाहिली आहे. व्हिसासाठी बंद खात्यात, ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवलेले असतात, म्हणजे महिन्याला ९९२. त्यातून घरभाडं जातं, आरोग्य विमा जातो. उरलेल्यात भागत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

माझ्या मते परदेशी विद्यार्थ्याला सगळ्यांत सोयीचा मार्ग वेर्कश्टुडेंटचा, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरीचा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, वर्षभर, एकाच कंपनीत. तीन महिन्यांच्या पाहुण्याला ग्राहकाचं जाळं कुणी हाती देत नाही. वर्षभर रोज दिसणाऱ्या माणसाला देतात.

विश्वासाचा विषय निघालाच आहे तर बंद दारांबद्दलही सांगते. सरकारी गुपितांशी किंवा संरक्षणाशी संबंध असलेल्या कामासाठी सुरक्षा पडताळणी लागते. आपलं सगळं आयुष्य दुसऱ्या देशात गेलेलं असताना ती होणं फार अवघड. अशा दोन जागांना माझा अर्ज तांत्रिक फेरीपर्यंत पोहोचलाच नाही. तेव्हा मला ते फार लागलं होतं. आता कुणी विचारलं तर सांगते की त्या जाहिराती ओळखायला शिका आणि आपली ताकद दुसरीकडे लावा. खासगी कंपन्या साधारणपणे फ्यूरुंग्सत्सोइग्निसवर थांबतात. म्हणजे आपल्यावर गुन्हा नोंद नसल्याचा दाखला. तो बोनच्या न्याय कार्यालयाकडून येतो, अर्ज आपल्या गावच्या नागरिक कार्यालयात करता येतो, आणि फी १३ युरो.

कामाचे प्रकारही पारखून घ्या. पेनटेस्टिंगच्या, म्हणजे परवानगीने हल्ला करून कच्चे दुवे शोधण्याच्या, जागांवर सगळ्यांची झुंबड असते. सॉकमध्ये, जिथे दिवसरात्र धोक्याच्या सूचना तपासल्या जातात, तिथे शिकायला पुष्कळ मिळतं, पण शिफ्ट सांभाळून परीक्षा देणं जड जातं. आणि एक काम असं आहे ज्याच्याकडे आपली मुलं ढुंकूनही पाहत नाहीत, ते म्हणजे आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं आणि आयटी-ग्रुंडशुट्झचं. ग्रुंडशुट्झ हा बोनच्या बीएसआय या संघराज्याच्या माहिती सुरक्षा कार्यालयाचा संच, १९९४ पासून चालत आलेला: कोणत्या यंत्रणेला किमान काय संरक्षण हवं, याची बारकाईने केलेली मांडणी. भाषा जड जर्मन आहे. पण ज्याने जर्मन बी-टू पातळीपर्यंत नेली आणि हे वाचलं, त्याला काम शोधावं लागत नाही, असं मी आजूबाजूला बघते आहे.

माझी चूक दुसऱ्या महिन्यातली. एका ग्राहकाने आम्हाला त्याच्या जाळ्याचा अर्धाच भाग दिला होता, १२८ पत्ते. परवानगीपत्रात पत्त्यानंतर तिरकी रेघ आणि २५ असं लिहिलं होतं. मी टाइप केलं २४. हा आकडा एकाने कमी झाला की पत्ते दुप्पट होतात, म्हणून १२८ चे २५६ झाले. शिवाय स्कॅन करताना सगळे पोर्ट, म्हणजे यंत्राशी जोडणी करण्याची क्रमांक दिलेली दारं, तपासण्याचा पर्याय मीच जोडला होता. प्रिंटरचे ९१०० च्या आसपासचे पोर्ट एनमॅप हे स्कॅनचं साधन, कोणत्या पोर्टवर काय चालतं ते ओळखताना, मुद्दाम वगळतं, कारण त्यांच्याकडे जे काही पाठवाल ते प्रिंटर कागदावर छापत सुटतो. ते संरक्षण मी माझ्या हाताने काढून टाकलं होतं.

सकाळी दहाला ग्राहकाच्या गोदामातल्या प्रिंटरांनी निरर्थक अक्षरांची पानं ओकायला सुरुवात केली. त्याच प्रिंटरांवर मालाच्या पावत्या छापल्या जायच्या. पाऊण तास गाड्या फाटकाशी उभ्या होत्या.

माझे हात थंड पडले होते. बेट्रॉयरिनने स्कॅन थांबवायला लावला, लॉग जपून ठेवायला लावला आणि म्हणाली, "फोन तू कर. मी शेजारी बसते." मोडक्या जर्मनमध्ये मी गोदामाच्या प्रमुखाला सांगितलं की हे आमच्यामुळे झालं, थांबवलं आहे, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. तो रागावला, आणि त्याचा राग रास्त होता. दुपारी तिने माझ्याकडून या प्रकाराचा अहवाल लिहून घेतला. कुठल्या मिनिटाला काय केलं, का केलं, कुणाला काय त्रास झाला, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. 'चुकून' हा शब्द तिने खोडला. "चुकून म्हटलं की वाचणाऱ्याला काही कळत नाही. रेंज एकटीने टाइप केली आणि दुसऱ्या कुणी तपासली नाही, असं लिही." त्या दिवसापासून आमच्या टीममध्ये स्कॅनआधी दोन जण परवानगीपत्र शेजारी ठेवून आकडे मोठ्याने वाचतात. वर्षभरात मी जे शिकले त्यात तो अहवाल सगळ्यांत वर आहे.

दुसरा अहवाल एका छोट्या नगरपालिकेचा. त्या सुमारास इथल्या नगरपालिका धास्तावलेल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस झ्युडवेस्टफालन-आयटी या नगरपालिकांच्या संगणक सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि ७० हून जास्त नगरपालिकांचं कामकाज ठप्प झालं होतं. लोकांना गाडीची नोंदणी करता येईना, दाखले मिळेनात, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं. आमच्या नगरपालिकेत मला एक सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी यंत्रं वापरतात ते खातं, सापडलं. त्याच्याकडे संपूर्ण डोमेनचे, म्हणजे तिथल्या सगळ्या जाळ्याचे, अधिकार होते आणि पासवर्ड ११ वर्षांत बदललेला नव्हता. केर्बेरोस्टिंग करून, म्हणजे जाळ्याकडून त्या अकाउंटचं सांकेतिक तिकीट मागून त्यातून पासवर्ड शोधून, मी तो दुपारभरात मिळवला. खूप आनंद झाला मला, खरंच. मी तीन पानं लिहिली. तिकीट कसं मागितलं, हॅश, म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप, कसा सोडवला, सगळं चित्रांसकट.

बेट्रॉयरिनने तिन्ही पानं वाचली. मग विचारलं, "तिथला माणूस एकटा आहे. टाउनहॉल, शाळा, अग्निशमन दल, सगळ्यांचे संगणक तोच बघतो. सोमवारी सकाळी आठ वाजता तो हे उघडेल. मग काय करेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'पासवर्ड बदला' हे उत्तर नव्हतंच, कारण तो ११ वर्षं कुणी बदलला नाही यालाही कारण असणार. दोन दिवस मी त्या माणसाशी फोनवर बोलत शोधत बसले. ते अकाउंट तीन यंत्रं वापरत होती. त्यातलं एक रात्री करवसुलीची पत्रं छापायचं. पासवर्ड थेट बदलला असता तर दुसऱ्या दिवशी पत्रं निघाली नसती, आणि त्याने घाबरून जुना पासवर्ड परत आणला असता. पाच वर्षांपूर्वी हेच घडलं होतं, त्यानेच सांगितलं. मग मी पुन्हा लिहिलं. आधी नवं, कमी अधिकाराचं अकाउंट करा. पहिलं यंत्र त्यावर हलवा, एक रात्र जाऊ द्या. मग दुसरं. काय तपासलं की काम झालं असं समजायचं, तेही. हल्ल्याचं वर्णन परिशिष्टात गेलं, एका पानात. अहवाल जर्मनमध्ये होता, आणि ऑफिसात सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणत असले तरी कागदावर ग्राहकाला 'झी', म्हणजे 'आपण'च म्हणायचं. माझी भाषा तिने चार वेळा दुरुस्त केली.

इंटर्नशिप संपताना आर्बाइट्सत्सोइग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, मागून घ्या आणि जर्मन जाणणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या. त्याची एक सांकेतिक भाषा आहे. 'श्टेट्स त्सु उन्झेरर फोलस्टन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे सदैव आमच्या पूर्ण समाधानास, ही पहिल्या दर्जाची पावती. 'फोलस्टन'च्या जागी 'फोलन' आलं की दर्जा दुसरा. वर 'श्टेट्स'ही गळलं की तिसरा. वाक्य मराठीत आणलं तर तिन्ही कौतुकच वाटतात. पुढचा मालक मात्र ते अक्षर न् अक्षर वाचतो. आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्यात हे प्रमाणपत्र हातात असणं मोठा आधार आहे.

सहा आठवड्यांनी आम्ही त्या नगरपालिकेत फेरतपासणीला गेलो. त्या माणसाने माझा अहवाल छापून ठेवला होता. जवळपास प्रत्येक मुद्द्यासमोर पेनने खूण आणि तारीख. ते जुनं अकाउंट बंद झालं होतं. चौथ्या मुद्द्याशेजारी समासात त्याने लिहिलं होतं: शुक्रवारी नाही, पगार असतात.

हे मी त्याला विचारलंच नव्हतं. ऑफिसात परत आल्यावर बेट्रॉयरिनला ते पान दाखवलं. तिने आमच्या अहवालाचा कोरा नमुना उघडला, प्रत्येक शिफारशीखाली एक नवी ओळ घातली, 'या दिवशी हात लावू नये', आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.