जुनी फोर बाय फोर, बजेट साडेचार लाख: मार्च ते ऑगस्टचा लॉग

मार्चमध्ये शोध सुरू केला तेव्हा डोक्यात फक्त महिंद्रा थार होती. २०१० ला आली ती पहिली सीआरडीई (कॉमन रेल इंजिनवाली), अडीच लिटर डिझेल, १०५ बीएचपी. बजेट साडेचार लाख, आणि ते सगळं धरून, म्हणजे गाडी, ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि पहिल्याच महिन्यात निघणारी कामं. ज्यांनी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घेतलीये ते इथेच हसतील, हसा. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे पण तुला जायचंय कुठे नक्की?" आणि मी ते हसण्यावारी नेलं. दोन महिने तिथेच वाया गेले.

चार थार बघितल्या. त्यातल्या दोन डीआय, म्हणजे जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनवाल्या, निघाल्या. डीआय टू व्हील ड्राइव्हमध्येपण यायची हे विकणारे सोयीस्कर विसरतात, जाहिरातीत नुसतं 'थार फोर बाय फोर' टाकतात आणि तुम्ही ऐंशी किलोमीटर जाऊन बघता तर फोर व्हील टाकायचा दुसरा लिव्हरच नाही. दुसऱ्या गाडीत लिव्हर होता म्हणून मी खूश, आमचे मिस्त्री खाली वाकले आणि म्हणाले, "साहेब, पुढचा शाफ्टच नाहीये." मालकाचं म्हणणं, आवाज करायचा म्हणून काढून ठेवलाय. कुठे ठेवलाय? तर ते आठवत नव्हतं. तेव्हापासून नियम केला, बोनेट नंतर, आधी खाली वाकून पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपशाफ्ट, बघायचा.

तिसरी खरी सीआरडीई होती पण इंजिन चालू ठेवून ऑइलची कॅप काढली तर चहाच्या किटलीसारखी भसाभस वाफ, म्हणजे रिंगा गेल्यात. चौथी दिसायला एक नंबर, हे मोठे टायर, लिफ्ट, पुढे लोखंडी बंपर, विंच. पण आरसीत यातलं काहीच नाही. कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलंय, आणि ते सोडा, एवढ्या मोठ्या टायरवर स्टॉक गिअरिंग असेल तर क्लच आणि डिफरेन्शियलने काय भोगलं असेल याचा विचार करा. मला तर अशी गाडी बघितली की आधीच्या मालकाचे फोटोच डोळ्यासमोर येतात.

मेमध्ये रेनोच्या डस्टर एडब्ल्यूडीकडे (ऑल व्हील ड्राइव्ह) वळलो, आणि खरं सांगतो, डोकं वापरून घ्यायची असेल तर हीच. २०१४ ला आलेली, ११० पीएस डिझेल, सहा गिअर, त्यातला पहिला मुद्दाम एकदम छोटा ठेवलाय कारण लो रेंज (एकदम हळू पण जोरात ओढणारे वेगळे गिअर) नाहीये, मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट. घरचे सगळे बसून आले, सगळ्यांना आवडली. एक दिल्ली पासिंगची जाम स्वस्तात मिळत होती. स्वस्त का, तर तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार, म्हणून लोक बाहेरच्या राज्यात काढतात. मी कागदावर हिशोब मांडला: एनओसी, इकडे आणायचा खर्च, महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा, नवीन नंबर, एजंट. शेवटी आकडा इथल्या गाडीच्या आसपासच येत होता, वर कटकट फुकट.

मग बायकोचा प्रश्न नीट घेतला. जायचंय कुठे? तर वेल्ह्याकडे आमचं थोडं शेत आहे, तिथला शेवटचा दीड किलोमीटर. जून ते ऑक्टोबर तो रस्ता म्हणजे लाल चिखल, मध्ये एक ओढा आणि ओढ्यानंतर लगेच खडा चढ, तोही दगडांचा. तिथे वेग घेऊन चढता येत नाही, हळूहळूच रांगत जावं लागतं, म्हणजे लो रेंज पाहिजेच. डस्टर तिथे चढेल कदाचित, पण दर वेळी क्लचचा वास घेत. एकदा हे ठरलं आणि साडेचारात बसवायचं ठरलं की माझ्यापुरती यादी संपली. मारुतीची जिप्सी. (जिम्नी पण आहे म्हणा, पण २०२३ ची गाडी माझ्या बजेटात यायला अजून बरीच वर्षं आहेत.)

नवीन लोकांसाठी थोडक्यात, १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसी, १९९६ ला १३०० चं इंजिन आणि किंग हे नाव, आणि २००० पासून त्याच किंगमध्ये १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन), ८० बीएचपी. घ्यायची तर एमपीएफआय किंगच, कार्ब्युरेटरशी खेळायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. वजन टनाच्या आसपास, तेच तिचं सगळं बळ, जड गाडी रुतते तिथून ही निघून जाते. पुढे मागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंग), त्यामुळे रस्त्यावर बैलगाडीचा फील फुकट. मिलिटरी डिस्पोजलच्या पण बघितल्या दोन, हिरव्या, दणकट, पण एकाचीही आरटीओची नोंदणी झालेली नव्हती, 'करून देऊ' म्हणाले. करून झाली की बोलवा म्हटलं.

पहिली किंग अलिबागजवळ बघितली. काळं कुळकुळीत अंडरकोटिंग, नवीन सीट कव्हर, मी फिदा. मिस्त्रींनी खिशातून मोठा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि झोपून चासीवर मुठीच्या बाजूने ठोकत गेले. ठण, ठण, ठण, आणि मागचा पाटा चासीला जोडणाऱ्या शॅकलपाशी आल्यावर आवाज एकदम थप्प. परत ठोकलं, थप्प. मग टोकाने नुसतं दाबलं तर टोक आत. बाहेर काढलं तर तांबडा भुगा हातावर. म्हणाले, "मेकअप आहे हो नुसता." खाऱ्या हवेतली गाडी घेऊच नका असं नाही म्हणत, पण नवं कोरं अंडरकोटिंग दिसलं की आनंद मानू नका, संशय घ्या. मॅट उचलून पायापाशी बोट दाबा, पत्रा कुरकुरला तर चहा घ्या आणि निघा.

जुलैमध्ये वाईच्या पुढे एका पोल्ट्रीवाल्या काकांची बघितली. २००७ ची किंग, पांढरी, सॉफ्ट टॉप म्हणजे कॅनव्हासचा टप, धुतलेलीसुद्धा नव्हती. मला तेच बरं वाटलं. काकांना आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं की चालू करून ठेवू नका, गेल्यावर बोनेटला हात लावला तर गार. एका सेल्फमध्ये उठली. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं तर जरा खेळ होता. मिस्त्री म्हणाले आता ब्रेक दाबा. ब्रेक दाबला की खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं. तसाच राहिला. शिवाय नकलपाशी (ॲक्सलच्या टोकाला चाक वळतं तो सांधा) ग्रीस आणि ऑइलचा चिकट राडा, म्हणजे सील गेलेलं. दोन्ही कामं परवडणारी आहेत, पण काकांसमोर चेहरा पाडून ठेवला.

फोर व्हील डांबरावर टाकून बघू नका, पार्ट टाइम सिस्टीम आहे, मध्ये डिफरेन्शियल नाही, वळणावर सगळं आवळतं. पोल्ट्रीमागच्या मुरमाच्या उतारावर फोर लोमध्ये, म्हणजे फोर व्हील आणि लो रेंज, पहिला टाकला आणि ॲक्सिलरेटर सोडून दिला. इथे कान आणि डोळे लिव्हरवर ठेवायचे, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस झिजलेला असेल तर नेमका अशा वेळी लिव्हर उडून न्यूट्रलला येतो आणि गाडी मोकाट सुटते. तीनदा उतरलो, लिव्हर जागचा हलला नाही. तिथेच मनात घेऊन टाकली.

काकांनी तीन ऐंशी सांगितले. १५ वर्षं २०२२ ला झालेली, रिन्यू करून घेतलेलं, म्हणजे २०२७ ला परत पासिंग, परत ग्रीन टॅक्स, हे धरून आणि किंगपिन दाखवून तीन पस्तीसला आलो. चासी नंबरची पेन्सिल प्रिंट काढून आरसीशी जुळवली, कर्जाचा बोजा नाही हे बघितलं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. काकूंनी निघताना अंड्यांचे दोन ट्रे दिले. घाटातल्या पाट्यांच्या हिसक्यांमध्ये त्यातली अकरा फुटली.

ऑगस्टचं स्टेटस: ट्रान्सफर अजून झालेला नाही, किंगपिन बेअरिंग आणि सील किट आणून ठेवलंय, येत्या रविवारी मिस्त्रींकडे. ॲव्हरेज दहाच्या खाली, त्यावर घरात बोलत नाही. मागच्या आठवड्यात शेतावर गेलो, ओढा आणि वरचा चढ फोर लो पहिल्यात, क्लचला पायसुद्धा न लावता. फक्त टप शिवणीतून गळतोय, मुलगी मागच्या बाकावर अख्खा रस्ता छत्री उघडून बसली होती. कॅनव्हासची शिवण घरच्या घरी बंद करायला कोणी काय वापरलंय ते सांगा.