वखारीची पायरी

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीतली ती वखार मोजायला गेलो, तेव्हा पहिली शिंक दारातच आली. आत तंबाखूचं एक पानसुद्धा नव्हतं. कुलूप लागून बरीच वर्षं झाली होती. पण फरशीच्या सांध्यांत आणि तुळयांच्या वरच्या अंगाला भुकटी बसून राहिली होती. टेप कुठं घासली की उडायची. माझ्या हाताखालच्या पोरानं तोंडाला रुमाल बांधला, तरी दुपारपर्यंत त्याचे डोळे लाल झाले.

मालकांना वखार पाडून खाली गाळे आणि वर हॉल करायचा होता. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी मध्येच नगरपालिकेत अर्ज दिला की, ही वास्तू वारसा म्हणून जपावी. मग इंजिनिअरचा रिपोर्ट मागवला गेला. माझी फी मालक देणार होते, हे आधीच सांगून टाकतो.

खरं सांगायचं तर बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. नक्षी नाही, कमान नाही. मातीत रचलेल्या काळ्या दगडाच्या भिंती, बाहेरून सांध्यांत भरलेल्या चुन्याच्या दर्जा, वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, आणि मंगलोरी कौलं. खिडक्या लहान आणि हाताला न लागणाऱ्या उंचीवर. निपाणीत अशा वखारी गल्लोगल्ली होत्या, आणि ही त्यांतलीही बरी म्हणावी अशी नव्हे.

दारावर पांढऱ्या रंगातला एक नंबर अर्धा उरला होता. तो अबकारीच्या परवान्याचा. 1943 साली सरकारनं तंबाखूवर अबकारी, म्हणजे उत्पादन शुल्क, बसवली. तेव्हापासून बाँडातल्या, म्हणजे अशा परवान्याच्या, वखारीतला माल कर भरल्याशिवाय बाहेर काढता येत नसे. कच्च्या तंबाखूवरची ती अबकारी 1979 मध्ये उठली. आणि दोनच वर्षांनी, 1981 च्या मार्चमध्ये, भावासाठी तंबाखूचे शेतकरी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर इथल्या हायवेवर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. मास्तरांच्या अर्जात हे सगळं होतं, तळमळीनं लिहिलेलं. पण ते निपाणीबद्दल खरं होतं. या वखारीबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

मागच्या भिंतीला ओळंबा सोडला. चौदा फुटांच्या उंचीत भिंत चार इंच कललेली. पन्हळ फुटलेली, वर्षानुवर्षं पाणी भिंतीच्या पोटात मुरलेलं, आतली माती वाहून गेलेली. दोन्ही अंगांचे दगड एकमेकांना सोडून उभे होते. हातोडीच्या दांड्यानं ठोकलं तर पोकळ आवाज आला. पोराला म्हटलं, "या बाजूला जेवायला बसू नको." पुढची बाजू मात्र ठणठणीत. कैच्यांचं लाकूड तर असं, की चाकूचं टोक शिरेना. मालकांचा हिशेब मला तिथंच कळला. घनफुटानं विकलं तर पाडायचा खर्च त्या सागवानातच निघत होता.

दुपारी शेजारच्या बोळातल्या एक आक्का आत डोकावल्या. सत्तरीच्या पुढच्या. मी पडवीच्या तुळईतल्या लोखंडी कड्या नकाशात घेत होतो, आणि पुढं लिहिलं होतं, 'माल ओढण्यासाठी'.

"काय लिवलासा?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"माल न्हवं वो. झोळ्या. तान्ही पोरं हितं टांगायची, आन् आमी आत चाळायला. धुरळ्यानं पोर ठसकायला लागलं की, मुकादमाची नजर चुकवून पळत यायचं."

मी खोडलं आणि झोळ्या लिहिलं. मग वाटलं, मास्तरांची बाजू भक्कम करणारा साक्षीदार आयताच मिळाला. म्हटलं, "आक्का, काहीजण म्हणतात ही वखार राखायला पाहिजे."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "माझा दम हितंच गेला. मोडा की एकदाची." थोडं थांबून दाराकडं बघत म्हणाल्या, "पर ती पायरी टाकू नगासा. आमी तितंच बसून भाकरी खायचो. धुण्याला दगड न्हाई माझ्याकडं."

पायरी मधोमध तळहाताएवढी झिजली होती.

रात्री रिपोर्टला बसलो. स्मारकासाठी 1958 च्या केंद्रीय कायद्यात किमान 100 वर्षांची अट आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 ची, तिथं प्रश्नच येत नाही. रिसालदार गल्लीतल्या ज्या घरात 1892 मध्ये विवेकानंद उतरले, ते जपलं गेलं, कारण कोण उतरलं हे सांगता येतं. या वखारीत कोणी थोर माणूस उतरला नव्हता, आणि वय शंभराच्या आतलं. कर्नाटकाच्या नगररचना कायद्यात वारसा इमारतीची व्याख्या त्या मानानं सैल आहे. सांस्कृतिक मोल आहे असं प्राधिकरणानं ठरवलं तर पुरतं. मग मोल कशाचं धरायचं? कैच्यांचं की कड्यांचं? आणि ज्यांच्या नावानं धरायचं, त्या तर मोडा म्हणतात.

मी लिहिलं ते असं: मागची भिंत धोकादायक, पावसाळ्याआधी उतरवावी. पुढचे तीन खण दुरुस्तीनं टिकतील. पाडायचंच ठरलं तर आधी पूर्ण मोजणी आणि फोटो नगरपालिकेत जमा करावेत. मालक मधल्या वाक्यावर नाराज झाले, मास्तर पहिल्या आणि तिसऱ्यावर. माझं मत विचाराल तर, राखण्यासारखी ती इमारत नव्हती, पण न मोजता पाडण्यासारखीही नव्हती. मोजणी जमा झाली. वखार पडली, पुढच्या खणांसकट.

पायरी मी मालकांकडून मागून घेतली. चार माणसांनी ती आक्कांच्या दारात नेली. पुढच्या आठवड्यात तिकडून गेलो तर त्या त्यावर लुगडं आपटत होत्या. दगड उलटा बसवला होता, झिजलेली बाजू खाली.

"असा का?" मी विचारलं.

"ती बाजू गुळगुळीत," त्या म्हणाल्या. "मळ निघत न्हाई."